आडवेळची दीपलक्ष्मी

तांबट आळी, रत्नागिरी
३ डिसेंबर १९३३

रावसाहेब सदाशिवराव नाईक यांस गंगाराम तांबटाचा नमस्कार.

खुशाली मागाहून, आधी भांडण. मद्रासच्या दलालाकडच्या नटराजाचा फोटो पाठवलात आणि खाली विचारलंत, "घेऊ का?" अहो, घेऊ का काय! हातसुद्धा लावू नका. त्याच्या अंगावर हिरवं कसं चढलंय ते बघा, डोक्यापासून पायापर्यंत एकसारखं. जुन्या काशाला हिरवं चढतं ते ओल धरेल तिथे, बगलेत, बोटांच्या बेचक्यांत. हा माणूस नवी मूर्ती मिठाच्या पोत्यात पुरतो, वर गोमूत्र शिंपडतो आणि चार महिन्यांत तिला चोळ राजाच्या दरबारात नेऊन बसवतो. तुम्ही ज्याला ब्राँझ म्हणता त्यात माझी हयात गेली. गिरगावात दालन उभं करायचंय ना? मग मूर्ती मला विचारून घ्या. बिनअकलेची खरेदी करायला मुंबईत दुसरे लोक पुष्कळ आहेत.

आता गोड बातमी. मागच्या पत्रात तुम्ही सहज लिहिलं होतंत की खाडीपलीकडे आडवेळ म्हणून मासेमारी करणाऱ्या खारव्यांची वाडी आहे, तिथल्या देवळात काही आहे का बघा. मला नवलच वाटलं. रत्नागिरीतल्या निम्म्या लोकांना आडवेळ ठाऊक नाही, तर मुंबईच्या शेठमाणसाला कुठून? पण गेलो. खाडीच्या तरीतून उतरून वहाणा हातात घेतल्या आणि अर्धा कोस किनाऱ्याच्या पुळणीतून चाललो.

रावसाहेब, काय सांगू तुम्हाला! दीपलक्ष्मी आहे. ओंजळीत दिवा धरून उभी असलेली बाई, माझ्या कमरेला लागेल एवढी. गाभाऱ्यात नाही, बाहेरच्या मांडवात, समुद्राकडे तोंड करून. नाक झिजून गालाला मिळालंय, ओठांची नुसती रेघ उरलीय, बोटं एकमेकांत विरघळलीत. एवढी झीज शंभर-दोनशे वर्षांत व्हायची नाही. तीनशे वर्षांच्या आतली निघाली तर माझं दुकान मोडीत घाला.

गावकर दाजी राजी आहेत. देवळावर पेंढा आहे, दर पावसात देव भिजतो. मंगलोरी कौलं घालून द्या आणि दीपलक्ष्मी न्या म्हणतात. अडचण एकच, ती म्हणजे येसूबाई. साठी उलटलेली खारवीण. दर शुक्रवारी चिंच आणि वाळू घेऊन दीपलक्ष्मी घासते, रोज तिन्हीसांजेला वात लावते. मी मूर्ती जरा कलती करून बुडाशी बघायला गेलो, तर चिंचेच्या हातानं तिनं माझं मनगट धरलं. "हात लाव नको रं बाबा. ती काय तुज्या दुकानातली कळशी हाय?"

आहे हे असं आहे. कळवा.

आपला,
गंगाराम


गिरगाव, मुंबई
१२ डिसेंबर १९३३

रा. रा. गंगारामपंत यांस सप्रेम नमस्कार.

पत्र पोचले. नटराजाला नकार कळविला. तुमच्या बोलण्यातला तिखटपणा सोडला तर सल्ला मला पटतो.

आडवेळची दीपलक्ष्मी मला हवी. कौलांचा, वाशांचा, सुतारांचा सर्व खर्च माझा. मात्र गावात माझे नाव काढू नये. मुंबईचे एक गृहस्थ, एवढेच सांगावे.

काही गोष्टी विचारतो, त्यांचे उत्तर द्यावे. ही येसूबाई कशी आहे? तिला नीट दिसते का? घरात सोबतीला कोण? वात ती स्वतःच लावते की दुसऱ्या कोणाकडून लावून घेते? मूर्ती घेण्यापूर्वी गावची माहिती असावी, म्हणून विचारले.

दालनातली पूर्वेची जागा मी रिकामी ठेवली आहे. काल रात्री मध्येच उठून दोनदा मोजली. शक्य तितक्या लवकर करावे.

स. बा. नाईक


रत्नागिरी
६ जानेवारी १९३४

रावसाहेब, नमस्कार.

मूर्तीची उंची, वजन, घडण सोडून म्हातारीला दिसतं का हे विचारणारं गिऱ्हाईक मला आजवर भेटलं नव्हतं. असो. दिसतं, चांगलं दिसतं. माझ्या सदऱ्याचं तुटलेलं बटण तिनं वीस हातांवरून ओळखलं. सोबतीला जनी म्हणून पुतणी आहे. वात स्वतःच लावते, दुसऱ्या कुणाला लावू देत नाही.

गावकीची बैठक झाली. दाजींनी कौलांचा विषय काढला, सगळ्यांनी माना डोलावल्या. येसूबाई खांबाशी उभी होती. म्हणाली, "मी व्हय म्हनायची नाय. तुमी सगली म्हनलात तरी नाय." दाजी म्हणाले, "काकी, देव भिजतो." तर म्हणते, "देवाला कोरडं ऱ्हायचं आसंल तर त्यानं छत्री घ्यावी." सगळी बैठक हसली, विषय तिथेच राहिला.

मग मी तिच्या अंगणात जाऊन बसलो. तिनं चहा दिला आणि हकीकत सांगितली. चाळीस वर्षांमागे वादळात वाडीच्या होड्या सापडल्या. तिचा घोव विठू ज्या होडीवर होता तिचा प्रमुख बाळा तांडेल. सगळ्या होड्या परत आल्या, विठू तेवढा आला नाही. तांडेल म्हणाला, विठू पाण्यात पडला, पण मलबारकडे जाणाऱ्या एका मोठ्या शिडाच्या फत्तेमारीनं त्याला उचलून घेतला, हे मी डोळ्यांनी बघितलं. म्हणजे येईल. तेव्हापासून बाई वाट बघते आहे. कपाळाला कुंकू, गळ्यात काळे मणी, वाडीत कुणाचं हळदीकुंकू असलं तर पहिला मान हिचा. बारा वर्षं झाली तेव्हा भटजींनी तो गेला असं धरून विधी करून टाक म्हणून सांगितलं, तर त्यांना सोवळ्यासकट बाहेर काढलं.

मी म्हटलं, "काकी, दिवा मुंबईला गेला तरी दुसरी समई लावता येईल." त्यावर काय बोलली ते तसंच लिहितो. "ती उबी हाय म्हनून मी घरी जाऊन निजतंय. ती गेली तर रातभर कोन उबं ऱ्हायल?"

मी चहा संपवून उठलो. गंगाराम वाद न घालता उठला असं माझ्या बायकोला सांगाल तर ती पेढे वाटील. शिमग्यापर्यंत बाईचं मन वळतं का बघतो.

गंगाराम


मुंबई
१५ जानेवारी १९३४

गंगारामपंत,

तिचे मन वळविण्याचे काम तुमचे नाही. मूर्ती गावाची, गावाने दिली म्हणजे झाले. तिच्या अंगणात जाऊन बसण्याची गरज नव्हती. पेटी करवून घ्या आणि मूर्ती बोटीत चढवा.

नाईक


मुंबई
१७ जानेवारी १९३४

गंगारामपंत,

परवाचे पत्र गेले असेल तर ते बाजूस ठेवा. मूर्ती उचलू नका. निदान तिच्यादेखत उचलू नका. ती काही दिवस पुतणीसोबत दुसऱ्या गावी जाणार असेल तर बघा. किंवा नको. तूर्त पेटीचे माप तेवढे घेऊन ठेवा.

तिने त्या तांडेलाविषयी आणखी काही सांगितले का?

नाईक


रत्नागिरी
२२ फेब्रुवारी १९३४

रावसाहेब,

उचला, उचलू नका, उचला पण बघू देऊ नका! तुमची दोन पत्रं एकाच टपालानं आली. कुठलं आधी वाचायचं म्हणून मी तारखा बघत बसलो. दालनात एका जागी बसवत नाही ना तुम्हाला? आता मलाही बसवत नाहीये, आणि त्याचं कारण या पत्रात आहे.

मापासाठी परवा आडवेळला गेलो. दीपलक्ष्मी गवतावर आडवी केली. नुसतं माप घेतो, नेत नाही म्हटल्यावर येसूबाईनं स्वतः तिच्या कमरेला हात दिला. "हळू, तिला चक्कर येल," म्हणाली. आजवर बूड बघू दिलं नव्हतं, ते समोर आलं. मी पुसलं. खाली अर्धचंद्र आणि तीन ठिपके.

रावसाहेब, ती खूण माझ्या वडलांची आहे.

मी अंगठ्यानं ती पुन्हा पुन्हा घासून बघितली. येसूबाई म्हणाली, "काय झालां रं?" मी विचारलं, ही कधी केली? तर म्हणते, "त्याच सालची. वादळाची." होड्या दिसेनात तेव्हा वाडीतल्या बायकांनी पुळणीवर उभं राहून नवस केला, माणसं परत आली तर घरात जे जे वाजतं ते सगळं देवीला. काशाच्या थाळ्या, वाट्या, तांबे, घुंगरं, सगळं टोपल्यांत भरून रत्नागिरीला आणलं, आणि माझ्या बापानं वितळवून ही बाई ओतली. मी तेव्हा मुंबईला मामाकडे काम शिकत होतो, आणि घरी कुणी मला हे कधी बोललं नाही. वाडीतल्या म्हाताऱ्या अजून भांडतात. एक म्हणते नाक माझ्या वाटीचं, दुसरी म्हणते पदर माझ्या थाळीचा. येसूबाईनंही थाळी दिली होती, घोव परत आला नव्हता तरी.

आणि ती झीज! चाळीस वर्षं, दर शुक्रवारी, चिंच आणि समुद्राची वाळू. आधी वाडीच्या सगळ्या बायका घासायच्या, आता एकटी येसूबाई. हातांनी झिजलेलं नाक मी काळानं झिजलेलं म्हणून तुमच्या गळ्यात मारत होतो. दुसऱ्याचा मिठातला नटराज पकडला आणि बापाच्या हातची मूर्ती ओळखली नाही. लाज वाटते हो. या आळीत मला लोक मूर्ती दाखवायला आणतात, त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

तेव्हा माझा सल्ला मागे घेतो. जुनी नाही, मोलाची नाही, दालनात ठेवण्याजोगी नाही. हेदवीच्या बाजूला एक लामणदिवा आहे, खरंच जुना, तो बघून येतो. आडवेळचा विषय सोडून द्या.

गंगाराम


मुंबई
३ मार्च १९३४

गंगारामपंत,

मला ठाऊक होतं.

त्या टोपल्यांतली एक टोपली तुमच्या आळीत मी आणली. नऊ वर्षांचा होतो. आईची थाळी आणि वाट्या होत्या. तुमच्या वडलांनी थाळी हातात घेऊन बोटानं वाजवली, मला म्हणाले, "ऐक, परत वाजायची नाही." त्यांच्या दाढीला राख लागली होती, एवढं आठवतं. मी बाळा तांडेलाचा सदू. बाराव्या वर्षी मुंबईला आलो, गोदीवर हमाली केली, लाँची घेतल्या, सरकारनं रावसाहेब केलं, नाईक झालो. आडवेळचं नाव मी गिरगावात कधी काढलेलं नाही. इथल्या मंडळींना माझ्या ब्राँझच्या मूर्ती आवडतात, मासळीचा वास आवडला नसता.

तुम्ही तीनशे वर्षं म्हणालात तेव्हा मी दुरुस्त केलं नाही, कारण तुमच्या तीनशे वर्षांमुळे मला मूर्ती मागायला सबब मिळाली. तुम्हाला फसवलं, माफ करा. पण ती नवी असली तरी मला हवी आहे. पाडव्याआधी पाठवा. आता कारण विचारू नका.

सदाशिव


रत्नागिरी
१४ मार्च १९३४

सदाशिवराव,

कारण विचारू नका म्हणे! वा रे वा! मी तीनशे वर्षांच्या गप्पा हाणत होतो आणि तुम्ही तिकडे मिश्यांत हसत होतात. बरं, तेही गिळलं. माझी अक्कल निघाली ती माझ्याच हातून निघाली.

पण एक सांगा. येसूबाई तुमची कोण? परवा मी तिला सहज विचारलं, बाळा तांडेलाच्या घरचं कोण आहे का? तर तिचा चेहरा फुलला. म्हणाली, सदू व्हता, माज्या हातची भाकर खायचा, मंबयला गेला, मोटा झाला आसंल. तांडेलाविषयी म्हणाली, "त्यानं मला आशा दिली. नायतर मी तवाच हिरीत उडी मारली आसती." हे ऐकून मी घरी आलो आणि तुमचं पत्र पुन्हा वाचलं. तिच्या हातची भाकरी खाल्लेला माणूस चोरपावलांनी तिचा दिवा काढून घ्यायला निघालाय, आणि नाव सांगू नका म्हणतो.

मी हे काम करत नाही. पेटीच्या फळ्या मी चुलीत घातल्या. तुम्हाला दिवा हवाच असला तर स्वतः या आणि तिच्या समोरून उचलून न्या. कौलांचं दाजींना काय सांगायचं ते तुम्ही सांगा. मी तुमच्या दालनासाठी यापुढे एक वाटीसुद्धा बघणार नाही.

गंगाराम तांबट


मुंबई
८ जुलै १९३४

गंगारामपंत,

चार महिने पत्र लिहितो आणि फाडतो. आता बोटी बंद आहेत, हे पत्र कोल्हापूरवरून येईल, उशिरा पोचेल, हेच बरं. एकदा टाकलं की ते परत घेणं माझ्या हातात उरणार नाही.

विठूला कुठल्याही फत्तेमारीनं उचललं नाही. माझ्या बापानं मरताना मला सांगितलं, सोळा साली, इथेच, या घरात. डोलकाठी मोडून विठू पाण्यात पडला. त्याच्या कमरेला दोर होता, दोराचं दुसरं टोक होडीला. होडी त्या बाजूला कलंडायला लागली. वर पाच माणसं. बापानं कोयत्यानं दोर कापला. किनाऱ्यावर आले तेव्हा येसूकाकी पाण्यात कमरेपर्यंत उभी होती, आणि बापाच्या तोंडातून फत्तेमारी निघाली. एका दिवसापुरतं सांगितलं होतं, म्हणाला. उद्या खरं सांगू, परवा सांगू. मग तिनं आपली थाळी नवसात दिली आणि ती बाई दिवा घेऊन उभी राहिली. त्यानंतर कसं सांगायचं? बाकीचे चौघेही बोलले नाहीत. आता त्यांतला कुणी उरलेला नाही.

अठरा वर्षं हे मी एकटा घेऊन फिरतोय. रोज तिन्हीसांजेला मला माहीत असतं की आता ती वात लावते आहे. मी इथे जेवायला बसतो आणि मला माहीत असतं. मूर्ती जमवायला लागलो त्याचं कारण हेच, दुसरं काही नाही. उभ्या बायकांच्या मूर्ती मी घेत सुटलो. दालनात नऊ आहेत. एकीनंही जीव थंड झाला नाही. मग वाटलं, तो दिवा तिथून हलला की तिची वाट बघणं आपोआप संपेल. मला तोंड उघडावं लागणार नाही. केवढी मोठी भेकडाई ती, लिहिताना दिसते.

तिला सांगावं की नाही? सांगितलं तर तिचं कुंकू जातं, तिनं आयुष्यभर खोट्यापुढे वात लावली असं होतं. नाही सांगितलं तर ती वाट बघत मरेल आणि मी बघत राहीन. तुम्ही सांगा काय करू. या दिव्याखेरीज तुमचा सल्ला मी कधी मोडलेला नाही.

सदू


रत्नागिरी
४ सप्टेंबर १९३४

सदाशिवराव,

मूर्तीबद्दलचा सल्ला देणारा मी. असला सल्ला माझ्या बापानंही कुणाला दिला नसता. पत्र हातात पडल्यावर पंधरा दिवस दुकानात एक भांडं सरळ ठोकलं गेलं नाही. बायको म्हणाली, पोटात काय ते ओका एकदा. तुमचा राग आला. तुमच्या बापाचा आला. मग वाटलं, मी त्या होडीत असतो तर? नको तो विचार.

शेवटी पुनवेला समुद्रात नारळ पडला, खाडीवरची तर चालू झाली आणि मी गेलो. येसूबाईला म्हटलं, काकी, बाळा तांडेलाच्या सदूचं पत्र आलंय. केवढी खूश झाली! जनीला बाहेर धाडलं, पाटावर बसली, "वाच, सगलां वाच" म्हणाली. मी वाचलं, सगळं. कुठे काही गाळलं नाही. कोयत्याशी आल्यावर मी कागद खाली ठेवला, तर म्हणाली, "पानी पी आन् फुडं वाच."

संपल्यावर तिनं कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग विचारलं, "कापला तवा त्यानं हाक मारली व्हती काय?"

मी म्हटलं, पत्रात नाही लिहिलं.

"इचार त्याला," म्हणाली.

रडली नाही. मीच रडलो, खोटं कशाला सांगू. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, "सदूला म्हनावं, दिवा ने. आता मला तिथं कोन उबं नको. पन आदी तिथी सांग. चाळीस वर्सं झाली, त्याच्या नावाचा एक घास कावल्याला गेला नाय. मी त्याला उपाशी ठेवला रं." कुंकवाचं तिनं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

त्या दिवशी तिन्हीसांजेला ती वात लावायला आली नाही. शुक्रवारीही आली नाही. दाजींना, कुणाला काही कळेना. मी सकाळच्या तरीनं जाऊन चिंच आणि वाळू घेऊन बसलो आणि दीपलक्ष्मी घासली. बापाची मूर्ती मी पहिल्यांदा हातांनी बघितली. काम चोख आहे, सदाशिवराव. जुनं नाही, पण चोख.

पितृपक्ष तोंडावर आला. तिथी लिहा. आणि तिनं विचारलंय त्याचं उत्तरही लिहा.

गंगाराम


मुंबई
१० सप्टेंबर १९३४

गंगारामपंत,

तिथी कार्तिक वद्य पंचमी, शके अठराशे पंधरा. बापानं मला दोनदा म्हणून दाखवली होती. म्हणजे पितृपक्षातल्या पंचमीला पान ठेवता येईल.

हाक मारली होती का, याचं उत्तर मी जुलैच्या पत्रात मुद्दाम टाकलं नव्हतं. बाप म्हणाला, विठूनंच ओरडून सांगितलं, "तांडेल, काप." हे खरं, की मरता मरता मला दिलेली आणखी एक फत्तेमारी, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. कळणारही नाही. हे तिला पत्रातून सांगण्याजोगं नाही. काकीला मी समोर बसून सांगेन, माझ्या संशयासकट. काय मानायचं ते ती ठरवील.

दिवा मला नको. कौलं मात्र घालून घ्या, त्याचा दिव्याशी संबंध नाही. नऊ मूर्तींचं काय करायचं ते पुढे बघू. दालनाला आज कुलूप लावलं.

गणपतीसाठी सगळ्या बोटी भरून चालल्या आहेत. गौरी-गणपती झाले की पहिल्या बोटीनं मी निघतो. दाजींना माझं नाव सांगा, बाळा तांडेलाचा सदू म्हणून सांगा. विठूकाकाला मूलबाळ नाही. येसूकाकीला चालणार असेल तर पिंड मी ठेवीन. नाही चालणार म्हणाली तर लांब उभा राहीन.

पिंडाला कावळा शिवला नाही की आपल्याकडे माणसं हात जोडून पुढे होतात, मेलेल्याला काय हवं ते मोठ्यानं कबूल करतात, मग तो शिवतो. विठूकाकाला काय हवं असेल ते मला माहीत आहे. त्याच्यापुढे, सगळ्या वाडीपुढे, बापानं काय केलं ते मी मोठ्यानं सांगणार आहे. कावळा लगेच शिवला तरी सांगणार आहे.

सदू